पहिल्या पाळीची साय

लीला माझी विद्यार्थिनी, हे मी त्या उन्हाळ्यात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. तिला शिकवण्याजोगं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. मास्तराने आपली इभ्रत स्वतःच्या हाताने कशाला घालवावी?

साल त्र्याहत्तर, मे महिना. मी भोरच्या हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत होतो. माझी थोरली बहीण सगुणा, आम्ही तिला आक्का म्हणतो, मार्गासनीच्या पलीकडे एका गावात दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बैलजोडी नाही. टेकाच्या अगदी माथ्यावर भाताचं एक खाचर, एवढीच तिची इस्टेट. "भोरला चल, माझ्याकडे राहा," असं म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं. "माजं खाचर हाय तवर म्या हितंच. त्ये गेलं की मग बगू." हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. त्या उन्हाळ्यात मात्र ते सारखं आठवायचं.

झालं होतं असं. गावाच्या ओढ्याकाठी एका ठेकेदाराने दोन वर्षं विजेचे लाकडी खांब भिजवायचं काम केलं होतं. सिमेंटचा मोठा हौद, त्यात हिरवंगार पाणी. त्यात भिजलेल्या खांबाला वाळवी लागत नाही म्हणे. मग एके दिवशी त्याने गाशा गुंडाळला आणि अर्धा भरलेला हौद, फुटक्या गोण्या तशाच टाकून तो निघून गेला. पावसात हौद भरून वाहिला, ओढ्यात गेला, ओढा तळ्यात. पुढे दुष्काळ पडला आणि तळंच आटलं. चैत्रात गावची तीन गुरं त्या गोण्या चाटून आली आणि संध्याकाळच्या आत आडवी झाली. जनावरांच्या डॉक्टरने एकच शब्द सांगितला: सोमल, म्हणजे आमच्या पुस्तकातलं आर्सेनिक.

कचेरीतून हुकूम आला की माती तपासून येईपर्यंत या शिवारात कुणी पेरायचं नाही. टेकाच्या उतरणीवरची सगळी खाचरं, तळ्यापासून माथ्यापर्यंत. आणि तपासणी कधी? तर पुण्यात मातीच्या पुड्यांचा ढीग लागलाय, दिवाळीनंतर बघू. आधीच एक वर्ष दुष्काळाने खाल्लेलं, आता दुसरं कागदाने खायचं. मी कचेरीत जाऊन घसा बसेपर्यंत भांडलो. घसा बसला, बाकी काही झालं नाही.

अशात लीला रजेवर भोरला आली. भोरच्या बौद्ध वस्तीतली मुलगी, वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून मला नको ते प्रश्न विचारायची. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होती. मी तिच्यापुढे सगळं ओकलो. ती ऐकत राहिली आणि पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक बाटली जस्ताची आणि पांढऱ्या कागदपट्ट्यांचं एक पाकीट घेऊन आली. तिच्या साहेबांनी परवानगी दिली होती, आणि तिच्या अहवालावर ते सही करतील तर कचेरीलाही चालणार होतं.

"वीस चाचण्यांचं सामान आहे, सर," ती म्हणाली. "एकविसावी नाही."

"वीस? अगं, तिथं खाचरं दोनशेच्या वर आहेत!"

"म्हणून तर विचार करायचा. सगळीकडे तपासता आलं असतं तर विचार कुणी केला असता?"

हे वाक्य तिने मला सुनावलं, तिच्या मास्तराला.

चाचणी तशी साधी. माती आम्लात उकळायची, गाळून घ्यायची, बाटलीत जस्त टाकायचं आणि तोंडावर तो कागद बसवायचा. मातीत सोमल असेल तर वायू वर येतो आणि कागद रंगतो. थोडा असेल तर पिवळा, जास्त असेल तर तपकिरी. नसेल तर कोरा. वर्गात मी हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

नसरापूरला गाडी बदलून आम्ही गावी गेलो. माझं मत ठाम होतं की निम्म्या चाचण्या हौदाभोवतीच करायच्या. लीलाने मान हलवली. "तिथं विष आहे हे मेलेल्या गुरांनी सांगितलंय. त्यावर कागद कशाला घालवायचा? आपल्याला विष कुठं संपतं ते हवंय." मग ती पाण्याच्या वाटेने चालत गेली. हौद, ओढा, तळं, तळ्याखालची खाचरं. जवळजवळ नाही, लांब लांब अंतर सोडून. जिथं शंका, तिथं एक पुडी. आणि निम्म्याहून जास्त कागद तिने राखून ठेवले. "पहिली फेरी प्रश्न कुठं आहे ते सांगते," ती म्हणाली, "उत्तर दुसऱ्या फेरीत." मला वाटलं, एवढ्याशा कागदांत फेऱ्या कसल्या मोजतेय ही पोर!

शेवटची पुडी स्वच्छ मातीची हवी होती. जिथं विष पोचणं शक्यच नाही अशी जागा, म्हणजे बाकीच्या कागदांची तुलना तिच्याशी करता येते. मी बोट वर केलं. "आक्काचं खाचर. टेकाचा माथा. पाणी काही डोंगर चढत नाही." लीलालाही ते पटलं. आम्ही वर गेलो, आक्काच्या खाचरातली माती घेतली. आक्काने दोघांना भाकरी वाढली. लीला ओसरीवर जेवायला बसली तेव्हा दारावरून जाणाऱ्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आक्काने त्या दिसेनाशा होईपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं आणि लीलाला आणखी एक भाकरी वाढली.

भोरला येऊन शाळेच्या प्रयोगशाळेत चाचण्या लावल्या. सुट्टी असल्याने शाळा रिकामी होती. हौदाजवळचा कागद तपकिरी झाला, ओढ्यातला त्याहून फिका, तळ्याच्या वरच्या तोंडाचा पिवळा. इथवर सगळं बरोबर. पण तळ्याच्या तळाचा कागद कोरा राहिला. तळ्याखालच्या खाचरांचेही कोरे. आणि शेवटी जी बाटली लावली, आक्काच्या खाचराची, स्वच्छ मातीची, तिच्या तोंडावरचा कागद आमच्या डोळ्यांदेखत आधी पिवळा झाला, मग मधासारखा आणि मग विटकरी तपकिरी.

मी भडकलो. पुड्यांची अदलाबदल झाली म्हणालो, बाटली नीट धुतली नाही म्हणालो, लीलाला नाही नाही ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, "एक कागद आणखी घालवते." पुन्हा माती उकळली, पुन्हा जस्त टाकलं. आम्ही दोघं स्टुलांवर बसून त्या कागदाकडे बघत राहिलो. तो पुन्हा तपकिरी झाला. तळ्यात विष नाही आणि डोंगराच्या माथ्यावर आहे. पाणी डोंगर चढलं होतं.

 पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस मी, पण त्या क्षणी मनात आलं ते विज्ञानातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी, पुन्हा टेक. आक्काला काही सांगितलं नाही. लीला खाचराच्या मधोमध उकिडवी बसली आणि माती चिमटीत घेऊन पाहू लागली. बराच वेळ तिने मान वर केली नाही. मग हात पुढे केला. तळहातावर नखाएवढे दोन-तीन पांढरे शिंपले होते.

"सर, हे तर तळ्यातले शिंपले. इथं वर कसे आले?"

मी खाली पाहिलं. शिंपले तळहातावर होतेच, मातीतही होते, जिथं पाहावं तिथं. काल याच मातीवर मी उभा होतो आणि मला एकही दिसला नव्हता. मी खाली तळ्याकडे पाहिलं, मग खालपासून वरपर्यंत चढत आलेल्या खाचरांकडे, आणि मला एकदम समजलं. समजल्यावर मी बांधावर बसलोच.

या मुलखात पावसाळाभर डोंगराची माती खाली वाहून तळ्यात बसते. उन्हाळ्यात तळं आटलं की माणसं तो गाळ उपसतात, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि तो पुन्हा वर नेऊन खाचरांत टाकतात. बाप टाकत होता, त्याचा बाप टाकत होता. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण पाहिलं म्हणजे काय? त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा अख्खा डोंगर दर पावसात खाली उतरतो आणि दर उन्हाळ्यात माणसांच्या डोक्यावर बसून परत वर चढतो. आपण ज्याला जमीन म्हणतो ती मुळी एका जागी नसतेच. एवढी मोठी गोष्ट, आणि ती करणारी माणसं तिला नुसतं 'गाळ टाकला' म्हणतात.

"आक्का," मी हाक मारली, "यंदा तळ्याचा गाळ टाकलास?"

आक्का हसत बांधावर आली. "टाकला म्हंजी? पयली साय माजीच की! येवढा काळाभोर गाळ धा वर्सांत बगितला न्हाई, ज्ञानू."

तिनेच मग सांगितलं. तिच्या गावाची रीत आहे. तळं आटलं की गाळाची पाळी ठरते. सगळ्यात वरचा बोटभर थर, मऊ, काळा, त्याला ते साय म्हणतात. ती अख्ख्या तळ्यावरून आधी खरवडून काढायची आणि ज्यांच्या घरी बैल नाहीत, कर्ता माणूस नाही, त्यांच्या खाचरात टाकायची. वाहायला सगळं गाव. साय संपली की मग बाकीची घरं आपापल्या पाळीने खालचा गाळ खणून नेतात. यंदा पहिली पाळी आक्काची होती.

लीलाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ठेकेदाराचं पाणी शेवटच्या दोन पावसांत तळ्यात उतरलं होतं. ते बसलं ते अगदी वर, त्या बोटभर थरात. आणि गावाने तीच साय काढून, आपल्यातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणून, सगळ्यात गरीब घरांना दिली होती. मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. ठेकेदार कुठं होता कुणास ठाऊक.

लीला मात्र वेगळाच विचार करत होती. "म्हणजे कुठलं खाचर कुठं आहे, याला अर्थच नाही," ती हळू म्हणाली. "वर असो, खाली असो. गाळ कुणी आधी नेला आणि कुणी नंतर, एवढंच बघायचं. सर, मला शिवाराचा नकाशा नको. मला पाळीचा क्रम हवा."

क्रम नानांकडे होता. नाना म्हणजे गावातले सगळ्यात वडीलधारे, पाळी तेच ठरवत. त्यांनी देवळापुढे माणसं गोळा केली आणि विचारायला सुरुवात केली. कोण कुणाच्या मागं, कोण कुणाच्या पुढं. त्यावरून वाद झाले, आरडाओरडा झाला, आणि शेवटी नानांनी सगळ्यांना सरळ ओळीतच बसवलं. पहिली आक्का, मग लंगडा कोंडिबा, मग फुलाबाई, अशी चाळीसेक घरं देवळापासून पारापर्यंत एका रांगेत. लीला रांगेवरून नजर फिरवत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी देवळात शिरणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरही क्वचित पाहिलंय. दोनशे खाचरांचा गुंता होता, तो आता एक सरळ दोरी झाला होता.

प्रत्येक घराच्या गाळाची एकेक पुडी घेतली. माती गोळा करायला काही लागत नाही, तपासायला लागतं. आक्का आणि नाना आमच्याबरोबर भोरला आले. प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर पुड्या पाळीच्या क्रमाने मांडल्या, आणि लीलाने रांगेतली बरोबर मधली पुडी उचलली.

"हीच का?" नानांनी विचारलं.

"ही कोरी निघाली, तर हिच्यानंतरच्या सगळ्यांनी हिच्याहून खालचा गाळ नेलाय. तेही कोरे असायला हवेत. एका कागदात अर्धं गाव सुटतं, नाना."

कागद कोरा राहिला. नानांनी नकळत हात जोडले. मग उरलेल्या अर्ध्याची मधली पुडी. तीही कोरी. मग त्याच्याही अर्ध्याची. या वेळी कागदावर हलकं पिवळं उमटलं आणि आम्ही चौघंही टेबलावर ओणवे झालो. आता शंका चार-पाच पुड्यांपुरतीच उरली होती. आणखी दोन कागदांत सीमा सापडली. पहिली सहा घरं विषाची, सातव्यापासून पुढं सगळं साफ.

"अंदाजावर गाव सोडायचं नाही," असं म्हणून लीलाने साफ ठरलेल्या बाजूच्या मधूनमधून पाच-पाच पुड्यांतली चिमूट-चिमूट माती एका बाटलीत मिसळली. पाचात एक जरी वाईट असती तरी कागदाने चुगली केली असती, पाचाहून जास्त मिसळलं तर डाग फिका पडून फसवतो. अशा चार बाटल्या लावल्या. चारही कागद कोरे.

मी फळ्याला टेकून उभा होतो. जिथं आयुष्यभर खडू झिजवला त्याच फळ्याला. कुणी न पाहिलेली, मातीत मिसळलेली, चव नाही वास नाही अशी गोष्ट, आणि त्या मुलीने मूठभर कागदांनी तिला दोनशे खाचरांतून हुडकून टेबलावर बोट ठेवून दाखवलं होतं, हे इथून आणि हे इथवर. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

आक्का मात्र टेबलाच्या टोकाशी, आपल्या पुडीपाशी उभी होती. समजायचं ते तिला समजलं होतं.

"म्हंजी गाव सुटलं," ती म्हणाली. "माजं खाचर ऱ्हायलं."

 नानांनी टोपी काढून हातात घेतली. "सगुणा, आमीच टाकलं गं तुज्या रानात. ह्या हातानं पाळी ठरवली म्या."

"तुमी साय दिलीत, नाना," आक्का म्हणाली. "इख कुनी दिलं न्हाई."

नाना खाली बसले. म्हातारा माणूस मुलासारखा रडला.

लीलाने त्यांना थोडा वेळ रडू दिलं आणि मग विचारलं, "नाना, साय टाकून झाल्यावर खाचर नांगरलं का?"

"बैल कुटं हायेत तिच्यापाशी? आन् दुष्काळात जनावराला ताकद कुटली? तसंच पडलंय."

"मग विष अजून वरच आहे. वीतभर माती काढली की खालची जुनी माती स्वच्छ. पण पावसाच्या आत काढायला हवी. पाऊस पडला की ते खाली मुरलं."

नानांनी टोपी डोक्यावर घातली. "इर्जिक घालतो," ते म्हणाले आणि एस.टी.ची वेळ विचारू लागले.

इर्जिक म्हणजे सगळ्या गावाने मिळून एकाच्या रानात बिनमजुरीचं राबणं. आधी साय वाहायला जमले होते तेच लोक पुन्हा जमले. लीलाने सगळ्यांच्या हातापायांना गोणपाटं बांधायला लावली, तोंडावर फडकी. काम संपून अंग धुवेपर्यंत कुणी पाण्याला, विडीला हात लावायचा नाही, असा तिचा दम होता आणि ज्या बायकांनी तिला जेवताना पाहून एकमेकींकडे पाहिलं होतं त्याही तिला घाबरून होत्या. सहा घरांच्या खाचरांतली वरची माती खरवडून पाट्यांनी खाली गेली आणि त्या आता कोरड्या पडलेल्या सिमेंटच्या हौदात पडली. हौद भरल्यावर त्यावर दगडी फरशा टाकून चुन्याने सांधे बंद केले.

आक्काचं खाचर आता बोडकं दिसत होतं. खालची माती स्वच्छ खरी, पण पिवळट, मुरमाड. भात कसलं धरणार? आक्का बांधावर बसून तिकडे बघत होती. तेवढ्यात मला खालून माणसं वर येताना दिसली.

पुढे नाना होते. त्यांच्या डोक्यावर त्यांच्या स्वतःच्या खाचरातल्या काळ्या मातीची पाटी होती. त्यांच्या मागे रांग, तीच रांग, देवळापुढे बसलेली, पण आता उलटी. शेवटच्या पाळीचं घर सगळ्यात पुढं. ज्यांचं रान साफ ठरलं होतं ती सगळी. एकेकाने येऊन पाटी रिकामी केली आणि दुसरी पाटी कोंडिबाच्या खाचराकडे, तिसरी फुलाबाईच्या. पाट्या येतच राहिल्या. टेकाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत माणसांची ती रांग मी पाहत होतो आणि मला वाटलं, डोंगर चढतोय. माझ्या डोळ्यांपुढे डोंगर चढतोय. मी मास्तरकीची अब्रू गुंडाळून ठेवली, धोतर खोचलं आणि एक पाटी डोक्यावर घेतली.

शेवटचा एक कागद उरला होता. तो लीलाने त्या नव्या मातीसाठी वापरला. कोरा राहिला. अहवाल गेला, पुण्याहून सही झाली आणि मृगाच्या तोंडावर पेरणीला परवानगी मिळाली.

पण लीलाने जाताना मला एक गोष्ट सांगून ठेवली होती. जमिनीत सोमल राहिला असेल तर भात आधी काहीच दाखवत नाही. हिरवंगार वाढतं, लोंबी धरतं. फक्त लोंबीत दाणा भरत नाही. लोंबी पोचट राहते आणि शेवटपर्यंत ताठ उभी असते. "कागदावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली, "पण शेवटचा शब्द भाताचा." हे मी आक्काला सांगितलं नाही. चार महिने एकट्याने पोटात ठेवलं. आक्काचा निरोप यायचा, भात छान आहे, हिरवंगार आहे, आणि प्रत्येक निरोपाने माझी झोप उडायची.

दसऱ्याच्या सुट्टीत लीला आली तशी आम्ही दोघं गावी गेलो. टेक चढताना मी मान वर केलीच नाही. माझ्या पुढच्या दगडाकडे बघत चढत राहिलो. लीला पुढं होती. माथ्यावर पोचून ती थांबली. मग मला वर बघावंच लागलं.

आक्का खाचराच्या कडेला उभी होती. तिच्या कमरेपर्यंत भात आलं होतं. एकही लोंबी ताठ नव्हती.